नोय्यलचे खारे पाणी आणि ‘आधी विकास’चा सिद्धांत

‘आधी उद्योग वाढू द्यावेत, हातात पैसा येऊ द्यावा, नद्या मागाहून स्वच्छ करता येतील’ हे मत विकसनशील देशांच्या औद्योगिक धोरणात गेली पन्नास-साठ वर्षे ठाण मांडून बसले आहे. कोणत्याही कायद्यात ते लिहिलेले सापडत नाही. संमतिपत्राला मिळणाऱ्या मुदतवाढीत, सांडपाण्याच्या बंद मीटरकडे होणाऱ्या काणाडोळ्यात आणि ‘रोजगार जाईल’ या एका वाक्यावर मिटणाऱ्या फायलींत ते दिसते. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा तो शाश्वत विकास, अशी व्याख्या १९८७ साली ब्रुंटलांड आयोगाने दिली. पुढे बहुतेक सरकारांनी ती आपल्या धोरणपत्रांत घेतली. तरीही नदीकाठच्या औद्योगिक वसाहतीत प्रत्यक्ष राज्य चालते ते ‘आधी’ आणि ‘मागाहून’ या दोन शब्दांचेच.

या मताचे समर्थक सगळेच स्वार्थी नसतात आणि त्यांचा युक्तिवादही पोकळ नाही. त्यांचे पहिले म्हणणे असे की, दारिद्र्य हेच सर्वांत मोठे प्रदूषण. ज्या घरात चूल पेटत नाही त्या घराला नदीतल्या प्राणवायूचे प्रमाण सांगण्यात अर्थ नाही. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि प्रदूषण यांची सांगड घालून विचारलेल्या प्रश्नाचा आधार इथे नेहमी घेतला जातो. दुसरे म्हणणे इतिहासाचे आहे. इंग्लंडने थेम्सचे गटार केले, जपानने आपल्या खाड्यांत पारा सोडला. श्रीमंत झाल्यावर दोघांनीही साफसफाई केली. मग भारत किंवा बांगलादेश यांनाच वेगळा नियम का? तिसरे म्हणणे अर्थशास्त्राचे. जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांनी १९९० च्या दशकात दाखवले की दरडोई उत्पन्न वाढते तसे काही प्रकारचे प्रदूषण आधी वाढते आणि एका टप्प्यानंतर उतरू लागते. या उलट्या यू आकाराच्या रेषेला पुढे ‘पर्यावरणीय कुझनेट्स वक्र’ असे नाव पडले. चौथे म्हणणे बाजारपेठेचे: शुद्धीकरणाचा खर्च मालावर चढला की परदेशी मागणी शेजारच्या देशाकडे वळते, कारखाने बंद पडतात आणि सर्वांत आधी मजूर उघड्यावर येतो.

यातला एक भाग निर्विवाद मान्य करावा लागतो. हवामानबदलाच्या प्रश्नात श्रीमंत देशांची ऐतिहासिक जबाबदारी मोठी आहे. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्याने ‘सामाईक पण भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व मान्य केले ते याचसाठी. दोनशे वर्षे कोळसा जाळून संपन्न झालेल्यांनी नुकती वीज पोहोचलेल्या गावाला संयमाचे पाठ द्यावेत, हे अन्यायाचे आहे. पण हा दावा श्रीमंत देशांविरुद्धचा आहे. तोच पुढे करून आपल्याच देशातल्या, आपल्याच जिल्ह्यातल्या, प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या शेतकऱ्याच्या विहिरीत रसायन सोडण्याचा परवाना मिळत नाही. दोन वेगळ्या वादांची अशी सरमिसळ या चर्चेत इतकी सर्रास होते की ती आधीच वेगळी करून ठेवणे बरे.

उरलेल्या युक्तिवादाची परीक्षा कागदावर करण्यापेक्षा तो जिथे प्रत्यक्ष घडला तिथे करावी. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे त्यासाठी सर्वांत योग्य ठिकाण, कारण तिथे ‘आधी विकास’वाल्यांचे धोरण पंधरा-वीस वर्षे चालले, मग ते न्यायालयाने एका दिवसात थांबवले, आणि त्यानंतर उद्योगाचे काय होते हेही पाहायला मिळाले.

नोय्यल नदी कोइम्बतूर जिल्ह्यात पश्चिम घाटातल्या वेल्लिंगिरी डोंगरांत उगम पावते आणि कोइम्बतूर, तिरुप्पूर, ईरोड असा प्रवास करून करूर जिल्ह्यात कावेरीला मिळते. तिच्या काठचे तिरुप्पूर हे होजिअरीचे, म्हणजे विणलेल्या सुती कपड्यांचे गाव. १९८० च्या दशकात तिथून निर्यात वाढू लागली आणि पाहता पाहता ते देशातले सर्वांत मोठे निटवेअर केंद्र झाले. सुमारे सहा लाख लोकांना हा उद्योग काम देतो असे सांगितले जाते. या वाढीमागे बाहेरून आलेले मोठे भांडवल नव्हते. शरद चारी या अभ्यासकाने दाखवले आहे त्याप्रमाणे शेतीतून आलेल्या गौंडर कुटुंबांतल्या माणसांनी आधी कामगार आणि मग छोटे मालक होत हा उद्योग उभा केला. म्हणजे ज्यांनी नदीत रंग सोडला ते आणि ज्यांची शेते त्या रंगाने मेली ते, बऱ्याच ठिकाणी एकाच समाजातले होते. शेतकरी विरुद्ध परके भांडवलदार असा सोपा सामना इथे नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

नुकसान नेमके कशाने झाले हे समजायला रंगाच्या कुंडात डोकवावे लागते. सुती धागा आणि रिॲक्टिव्ह रंग, दोघांवरही पाण्यात ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. भरपूर मीठ घातले की ही ओढाताण कमी होते आणि रंग धाग्यात शिरतो; मग सोडा ॲश घालून तो पक्का करतात. काळा किंवा गडद निळा रंग हवा असेल तर एक किलो कापडामागे अर्ध्या किलोहून अधिक मीठ लागते. बराचसा रंग कापडात राहतो. मीठ मात्र सगळेच्या सगळे धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडते. साधे सोडियम क्लोराइड किंवा सोडियम सल्फेट, विष म्हणून कुणाच्या डोळ्यावर न येणारे. ते कुजत नाही, उडून जात नाही, सूक्ष्मजीव त्याला खात नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिरुप्पूरमध्ये सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. त्यांत चुना, फेरस सल्फेट आणि जैविक प्रक्रिया यांनी रंग काढला जाई, सेंद्रिय भार कमी होई. पाणी निवळ दिसे. मीठ मात्र जसेच्या तसे पुढे जाई. भारतीय मानकाप्रमाणे नदीत सोडायच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरमागे २,१०० मिलिग्रॅम आहे. रंगकामाच्या सांडपाण्यात ते प्रमाण पाच हजारांच्या पुढे सहज जाते. कागदोपत्री ‘प्रक्रिया केलेले’ आणि प्रत्यक्षात शेतीला मारक असे हे पाणी वर्षानुवर्षे नोय्यलमध्ये वाहत राहिले.

ते साठले ओरत्तुपालयम धरणात. १९९२ च्या सुमारास हे धरण पूर्ण झाले ते ईरोड आणि करूर भागातल्या शेतीला पाणी देण्यासाठी. काही वर्षांतच चित्र असे झाले की खालच्या अंगाचे शेतकरी धरणाचे दरवाजे उघडू नका म्हणून विनवू लागले. पाटबंधाऱ्यांच्या इतिहासात शेतकरी पाणी मागतो; इथे तो पाणी नको म्हणत होता. धरणाच्या आसपासच्या विहिरी खाऱ्या झाल्या, नारळाची झाडे खुरटली, भाजीपाला आणि हळद यांची जागा पडीक रानाने घेतली. न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या प्राधिकरणाने भरपाई ठरवली ती अठ्ठावीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांना मिळून सुमारे २५ कोटी रुपये. म्हणजे एका कुटुंबाच्या वाट्याला सरासरी नऊ हजारांहूनही कमी. मेलेल्या जमिनीची ही किंमत.

‘आधी विकास, मग साफसफाई’ या सिद्धांताचे खरे रूप इथे उघडे पडते. प्रदूषण रोखण्याचा खर्च पुढे ढकलला जातो असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात तो खर्च पुढे ढकललाच जात नाही. त्याच दिवशी तो दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. रंगशाळेने वाचवलेला रुपया प्रवाहाच्या खालच्या अंगाच्या शेतकऱ्याने विहिरीच्या रूपाने, गुरांच्या रूपाने, घर सोडून मजुरीला जाण्याच्या रूपाने त्याच वेळी भरलेला असतो. तो कर्जदारही नव्हता आणि सावकारही. त्याची संमती कुणी विचारलीच नाही. दारिद्र्य हटवण्याच्या नावाखाली झालेली ही दारिद्र्याची बदली होती, शहराच्या कामगार वस्तीतून खेड्याच्या रानात.

म्हणून दारिद्र्याचा पहिला युक्तिवाद टिकत नाही. इंदिरा गांधींच्या भाषणाचा त्याला मिळणारा आधारही अर्धवट आहे. त्यांचा रोख पर्यावरणाला बाजूला सारण्याकडे नव्हता. दारिद्र्यात राहणाऱ्यांचे जगणे सुधारल्याशिवाय पर्यावरण सुधारणार नाही, असे त्या सांगत होत्या. त्या परिषदेनंतर दोनच वर्षांनी, १९७४ साली, त्यांच्याच सरकारच्या काळात संसदेने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला. महाराष्ट्र तर त्याच्याही पुढे होता: राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा १९६९ चा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चे. दरडोई उत्पन्न आजच्यापेक्षा कितीतरी कमी असताना हे कायदे झाले. गरीब देशाला असा कायदा परवडत नाही हे म्हणणे त्या देशाच्याच विधिमंडळांनी केव्हाच फेटाळलेले आहे. अडचण अंमलबजावणीची आहे आणि तिचे खापर दारिद्र्यावर फोडता येत नाही.

इतिहासाचा युक्तिवादही जपानच्या अंगणात गेला की उलटतो. मिनामाता गावात चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून सोडलेल्या पाऱ्यामुळे मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांना मज्जासंस्थेचा भयंकर रोग जडला. १९५६ साली तो अधिकृतपणे नोंदला गेला. बारा वर्षांनी, म्हणजे १९६८ मध्ये, सरकारने कारखान्याची जबाबदारी मान्य केली. जपानी पर्यावरण संस्थेने पुढे हिशेब मांडला तेव्हा भरपाई, गाळ उपसणे आणि मासेमारीचे नुकसान यांचा वार्षिक बोजा प्रदूषण रोखण्याच्या खर्चाच्या सुमारे शंभरपट निघाला. जपानमध्ये सफाई झाली ती उत्पन्न एका आकड्यावर पोहोचले म्हणून आपोआप झाली नाही. रोगग्रस्तांनी कारखान्याच्या दारात ठिय्या दिला, न्यायालयांत दावे लढवले, आणि १९७० साली जपानी संसदेला एकाच अधिवेशनात प्रदूषणविषयक चौदा कायदे करावे लागले. श्रीमंत देशांच्या चुकांतून शिकायचे म्हणजे त्या चुका टाळायच्या. त्यांच्याइतक्याच चुका करण्याचा हक्क मागायचा, हे शिकणे नव्हे.

कुझनेट्स वक्राबद्दल तर तो मांडणाऱ्यांनीच सावध केले होते. ग्रॉसमन आणि क्रूगर यांनी स्पष्ट लिहिले आहे की उत्पन्न आणि प्रदूषण यांच्यातला हा संबंध आपोआप घडत नाही. उत्पन्न वाढलेले नागरिक कडक नियमांची मागणी करतात आणि सरकार ते नियम करते, हाच त्यातला मुख्य दुवा. नियमांची वाट अडवून धरायची आणि वक्र उतरण्याची वाट पाहायची, यात विसंगती आहे. शिवाय हा वक्र गंधकाचा धूर, नदीतला सेंद्रिय भार अशा, सोडणे थांबवले की निवळणाऱ्या गोष्टींना लागू पडतो. भूजलात मुरलेले मीठ, मातीत बसलेला क्रोमियम किंवा पारा यांना उलटे वळण नाही.

याचा दाखला राजस्थानात, उदयपूरजवळच्या बिछडी गावात आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कारखान्यांनी कपड्याच्या रंगांसाठी लागणारे ‘एच-आम्ल’ हे रसायन निर्यातीसाठी बनवायला सुरुवात केली. पाश्चात्त्य देशांत त्याचे उत्पादन बंद झाले होते, गरज मात्र उरली होती, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच आहे. सुमारे ३७५ टन आम्ल तयार करताना सुमारे २,४४० टन विषारी गाळ निघाला; तो उघड्यावर टाकला गेला आणि पावसाबरोबर जमिनीत उतरला. विहिरींचे पाणी तांबडे-काळे झाले. कारखाने थोड्याच काळात बंद पडले, पाणी तसेच राहिले. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने दुरुस्तीचा अंदाज काढला तेव्हा सुमारे साडेतीनशे हेक्टरांतल्या विहिरी बाधित झालेल्या होत्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व लागू केले. ३७ कोटींहून अधिक रक्कम भरावी, तीही चक्रवाढ व्याजासह, असा आदेश २०११ मध्ये पुन्हा द्यावा लागला. ‘मागाहून साफ करू’ या आश्वासनाचा प्रत्यक्ष वेग इतका आहे.

राहिला बाजारपेठेचा युक्तिवाद. सामान्य माणसाला तोच सर्वांत पटतो, कारण त्यात नोकरीचा प्रश्न आहे. त्याची परीक्षा २८ जानेवारी २०११ रोजी झाली. करूर-ईरोडच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांची संघटना २००३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेली होती. २००६ मध्ये न्यायालयाने सांडपाण्याचा एक थेंबही नदीत जाऊ न देणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला, तोवर लिटरमागे दंड लावला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. मुदती संपत गेल्या, यंत्रणा अपुऱ्याच राहिल्या. शेवटी उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक रंगशाळा आणि ब्लीचिंग कारखाने बंद करायला सांगितले, त्यांची वीज तोडायला सांगितली. उद्योग संपला, सगळ्या ऑर्डरी बांगलादेशात जाणार, असे तेव्हा सगळीकडे बोलले गेले.

झाले ते वेगळेच. तमिळनाडू सरकारने सामाईक केंद्रांना २०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. केंद्रांनी आपली मांडणी बदलली. जैविक प्रक्रियेनंतर पाणी पडद्यांतून दाबाने गाळले जाऊ लागले, गोडे पाणी पुन्हा रंगशाळेत जाऊ लागले, आणि उरलेले दाट खारे पाणी बाष्पीभवन करून त्यातून मीठ वेगळे काढले जाऊ लागले. काही केंद्रांत तर ते खारे पाणीच शुद्ध करून पुढच्या रंगाच्या घाण्याला वापरता येते असे आढळले, म्हणजे मीठ विकत घेण्याचा खर्चही वाचला. रंगशाळा टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाल्या. २०१०-११ मध्ये तिरुप्पूरची निर्यात सुमारे साडेबारा हजार कोटी रुपयांची होती. तीन वर्षांत ती १८ हजार कोटींच्या घरात गेली आणि २०२१-२२ मध्ये ३३ हजार कोटींच्या आसपास पोहोचली. या काळात रुपया बराच घसरला, त्यामुळे सगळी वाढ खरी मानता येत नाही. पण डॉलरमध्ये मोजली तरी निर्यात वाढलेलीच दिसते. नियमामुळे निर्यात वाढली असा दावा करण्याचे कारण नाही. नियमामुळे ती मरेल, हे भाकीत खोटे ठरले, एवढे पुरेसे आहे.

या बदलाची किंमत लपवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. बंदीच्या महिन्यांत हजारो कामगार गावी परतले. बरेच लहान रंगकामवाले पुन्हा उभे राहिले नाहीत. काहींनी चोरून दुसऱ्या जिल्ह्यांत काम हलवले आणि तिथले ओढे रंगवले. बाष्पीभवनाला प्रचंड इंधन लागते, त्यामुळे पाण्याचा भार काही अंशी हवेवर गेला. शेवटी उरणारे मिश्र क्षार आणि रसायनमिश्रित गाळ यांचे ढीग गोदामांत साठले. गाळ सिमेंटच्या भट्ट्यांत जाळण्याचा मार्ग निघाला तरी क्षारांचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. पण ही सगळी किंमत नियमाने घेतली की नियमाच्या विलंबाने? धरण नासले तेव्हाच, म्हणजे पंधरा वर्षे आधी, हेच बिनव्याजी कर्ज आणि हीच यंत्रणा आली असती तर एका दिवशी सातशे कारखान्यांची वीज तोडण्याची वेळ आली नसती. गोव्याच्या लोहखनिज खाणींचेही तेच झाले. अनेक वर्षे उत्खननाला लगाम घातला गेला नाही. २०१२ मध्ये शाह आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने काम पूर्ण थांबवले, तेव्हा कर्जावर ट्रक आणि बार्ज घेतलेली कुटुंबे अडकली. २०१४ मध्ये परवानगी मिळाली ती वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेसह. ही मर्यादा आधीच घातली असती तर? कामगाराला उघड्यावर टाकते ते पर्यावरणाचे नियमन नसते. वेळेवर न केलेले नियमन ते करते.

याच्या उलट टोकाचे मतही खंडनाला पात्र आहे. उद्योगच नकोत, शेतीकडे परत चला, असे म्हणणारे नदीवर प्रेम करतात यात शंका नाही. पण नोय्यलच्या खोऱ्यात पाऊस कमी, जमीन विषम वाटलेली आणि भूमिहीन मजुराला शेतीत वर्षभर काम नाही. त्याच्या मुलीला शिलाई यंत्रावर मिळालेली मजुरी ही त्या घरातली बहुधा पहिली रोख मिळकत असते. तिला ती मजुरी सोडायला सांगण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना नाही. खुद्द खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांनीही न्यायालयात उद्योग बंद करा एवढेच मागितले नव्हते. आपल्या नदीत येणारे पाणी स्वच्छ असावे, ही त्यांची मागणी होती. त्या मागणीत कापड आणि शेत दोन्हींना जागा आहे.

तिसरी वाट अर्ध्या उपायांची. ती सर्वांत जास्त लोकप्रिय आणि म्हणून सर्वांत धोक्याची. उद्योग एका जागेवरून उठवून दुसरीकडे न्यायचा, तिथे एक सामाईक केंद्र बांधायचे आणि प्रश्न सुटला असे जाहीर करायचे. ढाक्यातल्या हजारीबागच्या चर्मोद्योगाने बुडीगंगा नदी काळी केली होती. २०१७ मध्ये त्याची वीज, गॅस आणि पाणी तोडून त्याला सावारजवळच्या हेमायतपूरला हलवण्यात आले. तिथल्या केंद्राची क्षमता दिवसाला २५ हजार घनमीटर. बकरी ईदनंतर कातड्यांचा हंगाम येतो तेव्हा सांडपाणी त्याहून कितीतरी जास्त निघते. क्रोमियम वेगळा काढण्याची व्यवस्था आणि घनकचऱ्याची जागा अपुरी राहिली, आणि काळे पाणी धलेश्वरी नदीत जाऊ लागले. नदी बदलली, प्रश्न तोच राहिला. याचा फटका उद्योगालाही बसला: पर्यावरणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र बांगलादेशातल्या अगदी थोड्या टॅनऱ्यांना मिळू शकले, त्यामुळे मोठे युरोपीय ब्रँड तिथले चामडे घेत नाहीत आणि ते पडत्या भावाने विकावे लागते. त्याच देशातल्या तयार कपड्यांच्या उद्योगाने मात्र उलट वाट धरली. २०१३ च्या राणा प्लाझा दुर्घटनेत अकराशेहून अधिक कामगार दगावल्यानंतर इमारतींच्या तपासण्या बंधनकारक झाल्या आणि कारखानदारांनी ऊर्जा व पाणी वाचवणाऱ्या इमारतींत पैसा घातला. आज पर्यावरणपूरक म्हणून प्रमाणित झालेले सर्वांत जास्त कपडे कारखाने बांगलादेशात आहेत. एकाच देशात, एकाच उत्पन्नगटात, दोन उद्योगांचे असे दोन निकाल लागतात, तेव्हा ‘आम्ही गरीब आहोत’ हे कारण पुरे पडत नाही.

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. इचलकरंजी हेही कापडाचेच शहर, पंचगंगेच्या काठचे. शहरांचे मैलापाणी, साखर कारखान्यांचे आणि कापड प्रक्रियेचे सांडपाणी यांनी ती नदी अशी झाली की शहराने पिण्याच्या पाण्यासाठी आधी कृष्णेकडे आणि मग दूधगंगेकडे धाव घेतली. दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेला त्या नदीकाठच्या गावांनी विरोध केला आणि दोन शेजारी तालुके समोरासमोर उभे राहिले. दारातून नदी वाहत असताना दुसऱ्याच्या नदीसाठी भांडण्याची ही पाळी ‘मागाहून साफ करू’ या धोरणातूनच आली आहे.

मग मंडन कशाचे करायचे? शाश्वत विकासाचा अर्थ कारखान्याच्या फाटकापाशी इतका साधा करता येतो: आत येणारे प्रत्येक द्रव्य बाहेर कुठे जाते याचा हिशेब परवानगीआधी जुळला पाहिजे. तिरुप्पूरमध्ये हा हिशेब मिठाचा होता. रोज किती टन मीठ आत येते, त्यातले किती परत वापरले जाते आणि उरलेले कुठे ठेवले जाते, एवढे तीन आकडे १९९० मध्ये विचारले असते तर ओरत्तुपालयमचे धरण वाचले असते. चर्मोद्योगात हाच प्रश्न क्रोमियमचा, साखर कारखान्यात मळीच्या सांडपाण्याचा, खाणीत टाकाऊ मातीचा. पर्यावरणीय अहवालांची शेकडो पाने या तीन आकड्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

दुसरी गोष्ट पैशाची. चार-पाच यंत्रे असलेल्या रंगकामवाल्याला पडदे आणि बाष्पीभवन यंत्रणा स्वतःच्या हिमतीवर बसवता येत नाही, ही त्याची सबब नव्हे, वस्तुस्थिती आहे. म्हणून सामाईक यंत्रणेसाठी स्वस्त सार्वजनिक भांडवल आधी द्यायचे आणि त्याच्या मोबदल्यात मोजमाप कडक करायचे. तिरुप्पूरमध्ये हे सगळे उशिरा झाले. इतरत्र वेळेवर करता येईल. पाश्चात्त्य ग्राहकानेही आपला वाटा उचलला पाहिजे. स्वच्छ पुरवठ्याची प्रमाणपत्रे मागायची आणि त्याच वेळी नगामागे दोन सेंट भाव पाडायचा, हा ब्रँडांचा व्यवहार म्हणजे जुनीच प्रदूषणाची निर्यात. निर्यातदारांच्या संघटनांनी आणि सरकारांनी पाण्याचा खर्च भावात वेगळा दाखवून तो मागायला हवा.

तिसरी आणि सर्वांत निर्णायक गोष्ट खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या हक्काची. नोय्यलमध्ये बदल घडवला तो नियामक मंडळाने स्वतःहून नव्हे. पाणी नासलेल्या शेतकऱ्यांनी संघटना केली, वर्षानुवर्षे तारखांना हजेरी लावली, म्हणून तो घडला. त्यांना न्यायालयापर्यंत जाण्याची गरजच पडू नये अशी व्यवस्था करणे अवघड नाही. सामाईक केंद्रांच्या मीटरचे रोजचे आकडे आज मंडळांकडे ऑनलाइन जातातच. तेच आकडे खालच्या अंगाच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लागले पाहिजेत, आणि विहिरींची तपासणी गावाने निवडलेल्या प्रयोगशाळेकडून उद्योगाच्या खर्चाने झाली पाहिजे. भरपाईचा निधी नुकसानीनंतर नव्हे, परवानगीच्या वेळीच जमा व्हायला हवा.

कुठल्याही रंगप्रक्रियेच्या, चर्मोद्योगाच्या किंवा रसायनांच्या नव्या वसाहतीला संमती देण्यापूर्वी तिच्या मिठाचा, धातूंचा आणि गाळाचा ताळेबंद प्रवाहाच्या खालच्या अंगाच्या गावांत, त्यांच्या भाषेत, ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा. तो जुळत नसेल तर संमती देऊ नये.